लादोगिनच्या नावाचा घास

१

२१ सप्टेंबर २०२५, रविवार. सर्वपित्री अमावास्या. सकाळपासून आभाळ भरलेलं, पण पाऊस नाही. वारा पडलेला. अंगाला शर्ट चिकटावा असा उकाडा.

मोताळ्यात इंद्रभान खर्चेचं मोटार वायंडिंगचं दुकान रस्त्याच्या कडेला होतं, घर त्याच्या पाठीमागे. त्या घरात पुष्पाबाई पहाटेपासून चुलीपाशी होती. तांदळाची खीर, कढी, उडदाचे वडे, गिलक्याची भजी, गवारीची भाजी. सगळं दरवर्षीसारखं. गोवरीचा निखारा फुलला, तसा इंद्रभान पाटावर बसला. एकेक घास तुपात बुडवायचा, गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि घास निखाऱ्यावर ठेवायचा. मग पत्रावळ स्लॅबवर कावळ्याला. सर्वांत शेवटी पानाभोवती पाणी फिरवायचं. पाणी फिरवलं की पितर जेवून आपापल्या वाटेने जातात.

बापाचं नाव झालं, आईचं झालं, तरणाताठा गेलेल्या काकाचं झालं. इंद्रभानने आणखी एक घास उचलला, तुपात बुडवला आणि तो थांबला. पुष्पाबाईने त्याचं मनगट धरलं होतं.

"ते नाव घेऊ नका, जीवनचे बाबा."

"सहा वर्सं झाले, अनुपमाची माय. कुठवर असं अधांतरी ठुवाचं त्याले? गेला असन त उपाशी असन तो."

पूर्वी तो तिला 'जीवनची माय' म्हणायचा. कधी बदललं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

"आन नसन गेला त? जित्या पोराले घास टाकता?"

"मंग हा घास आता कुठं ठुवू? उचलेल घास माघारी ताटात ठुवता येते का?"

ते खरंच होतं. पितरांसाठी उचललेला घास परत ठेवत नाहीत. तुपाचा थेंब इंद्रभानच्या बोटावरून कोपराकडे निघाला होता. पुष्पाबाईने तो घास त्याच्या हातातून काढून घेतला.

"तुमचा तो रशियाचा साहेब हाये ना, त्याच्या नावानं टाकते. त्याले तरी कोन हाये?"

तिने ते नाव नीट, स्पष्ट उच्चारलं, लादोगिन, आणि घास निखाऱ्यावर ठेवला. मग त्याच्यासाठी वेगळी पत्रावळ वाढली आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत ती जिना चढून गेली.

थोड्या वेळाने इंद्रभान पाण्याचा लोटा घेऊन वर गेला. पितरांच्या पत्रावळीवर दोन कावळे बसले होते. दुसऱ्या पत्रावळीच्या आसपास एकही नव्हता. तो तिच्यापाशी वाकला. खिरीवर साय धरल्यासारखं काहीतरी दिसत होतं. त्याने बोट टेकवलं. साय नव्हती. बारीक कडकड आवाज झाला आणि पातळ काचेसारखा पापुद्रा तडकला. त्याच्याखाली तांदळाचे दाणे जागच्या जागी थिजले होते.

"फ्रीजमधली खीर वाढली का व?" त्याने वरूनच विचारलं.

"तुमच्या देखत केली ना सकाळी." ती वर आली, वाकली, बोट लावून पाहिलं. घाबरली नाही. "आला म्हनायचं," एवढंच म्हणाली आणि खाली गेली.

इंद्रभान तिथेच उभा राहून पाहत राहिला. बघता बघता पापुद्रा विरघळला आणि खीर परत खिरीसारखी झाली. काही वेळाने त्याला वाटू लागलं, की ती पहिल्यापासून तशीच असावी. पाणी फिरवायचं राहूनच गेलं.

२

लादोगिन त्या घरात जीवनमुळे आला होता.

जीवन दहावीत असताना मोताळ्याच्या आठवडी बाजारात रद्दीवाल्याकडून त्याने एक जाडं पुस्तक उचललं. रशियात छापलेली, गुळगुळीत कागदाची मराठी पुस्तकं एके काळी गावोगाव यायची, त्यांतलंच ते होतं. वरचं कव्हर गेलेलं, पहिली काही पानं गेलेली, त्यामुळे पुस्तकाचं नाव काय, लिहिलं कुणी, काही कळायला मार्ग नव्हता. एका नौदल अधिकाऱ्याचं ते चरित्र होतं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गावातला मुलगा ते वाचून समुद्राच्या मागे लागला. पहाटे उठून नांदुरा रोडवर धावायचा. २०१९च्या श्रावणात नौदलाच्या भरतीसाठी तो मलकापूरहून गाडीत बसला. वाटेतल्या एका स्टेशनवरून त्याने फोन केला, "आई, डबा संपला, भाकर चांगली राह्यली होती." त्यानंतर फोन बंद झाला. ठाणी झाली, स्टेशनं झाली, दवाखाने झाले, फोटो चिकटवून झाले. कुठेच काही सापडलं नाही. जीवन नाही, आणि तो नाही असं सांगणारंही काही नाही.

यंदाच्या भाद्रपदात इंद्रभानने ते पुस्तक जीवनच्या खोलीतून काढलं. पावसाळ्यात विहिरींवरच्या मोटारी बंद असतात, त्यामुळे जळालेली मोटार दुकानात क्वचितच येते. दुपारी जेवण झालं की तो मोठ्याने वाचायचा आणि पुष्पाबाई तांदूळ निवडत ऐकायची.

निकोलाय लादोगिनचा जन्म पांढऱ्या समुद्राच्या काठी, शिडं शिवणाऱ्याच्या घरी झाला. बाप लवकर गेला. आईने लोकांचे कपडे धुऊन त्याला नौदलाच्या शाळेत घातलं. लेफ्टनंट झाल्यावर पहिल्याच सफरीत त्याचं जहाज बर्फात अडकलं आणि दोन हिवाळे तिथेच राहिलं. जहाजाची लाकडं रात्रंदिवस कण्हायची. माणसं आधी एकमेकांशी भांडली, मग बोलेनाशी झाली, मग स्वतःशीच बोलू लागली. लादोगिन मात्र रोज सकाळी डेकवर जाऊन थर्मामीटर बघायचा आणि आकडा लिहून ठेवायचा. हे वाचताना इंद्रभान जरा थांबला होता, कारण तोही पडवीतल्या थर्मामीटरचा आकडा रोज भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहायचा, आणि का लिहितो ते त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं.

कप्तान तीन माणसं घेऊन उत्तरेकडे जमीन शोधायला चालत गेला, तो परतलाच नाही. जहाज मोकळं होऊन घरी आलं. लादोगिनचं लग्न ठरलेलं होतं. त्याच आठवड्यात त्याने वरिष्ठांकडे एक होडी मागितली. ते मेले आहेत, सगळ्यांनी सांगितलं. त्याने फक्त विचारलं, पाहिलं कुणी? मग सहा खलाशी घेऊन तो निघाला. खांद्यांवर पट्टे अडकवून बर्फावरून होडी ओढायची आणि पाणी लागलं की वल्हवायची. शेवटी कप्तानाची झोपडी सापडली. टेबलावर चार कप मांडलेले, चूल थंड, माणूस एकही नाही. आपल्या सहाच्या सहा खलाशांना त्याने सुखरूप परत आणलं.

तो पुढे आणखी दोनदा गेला, दोन्ही वेळा दुसऱ्यांच्या हरवलेल्या माणसांसाठी. दुसऱ्या शोधाची दोन पानं इंद्रभानने वाचलीच नाहीत. "पानं चिकटले हायेत," म्हणाला. तिसऱ्या वेळी लादोगिन स्वतःच परतला नाही. तोवर आई वारली होती, वाग्दत्त वधू दुसऱ्याच्या घरी नांदत होती आणि महायुद्ध सुरू झालं होतं. 'त्याचा शोध घेण्यात आला नाही', हे पुस्तकातलं शेवटचं वाक्य होतं.

पुष्पाबाईचा हात सुपात थांबला होता. "इतक्यायले शोधाले गेला, आन याले पाहाले कोनीच गेलं नाही?"

३

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी घट बसले. त्या सकाळी इंद्रभानने पडवीत जाऊन थर्मामीटर पाहिला. सत्तावीस. आदल्या सकाळी एकतीस होता. पाऊस पडला असेल जवळपास कुठे, असं म्हणून त्याने आकडा लिहिला. मंगळवारी चोवीस. दुकानासमोरचा चहावाला गळ्यात ओला रुमाल टाकून बसला होता. इंद्रभानने थर्मामीटर काढून दुकानात टांगला. तेहेतीस. परत पडवीत आणला. बावीस.

पडवीत थर्मामीटर टांगायचा तो खिळा जीवनच्या खोलीच्या भिंतीत होता.

भिंतीत ओल धरली असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. ओल्या भिंती गार असतात. त्याने तळहात लावून पाहिला. भिंत कोरडी होती, आणि तळहात तिथून पटकन निघेना. थंड लोखंडाला ओली कातडी चिकटते, तसं काहीतरी झालं.

दुपारी लाईट गेली की मोताळ्यात फार शांत होतं. पंखे थांबतात, गिरणी थांबते, रस्त्यावरची कुत्रीसुद्धा दुकानांच्या पायऱ्यांखाली जाऊन निजतात. अशा वेळी तो आवाज यायचा. खडेमिठावरून जड पेटी ओढावी तसा. एक ओढ, मग थांबणं. थांबण्यात माणसाचा श्वास. मग पुन्हा ओढ. पलीकडच्या गोदामात पोती सरकवत असतील, हे त्याने मनात ठरवलं आणि मुद्दाम जाऊन पाहिलं. गोदामाला कुलूप होतं.

तो परत आला आणि त्याने जीवनची खोली उघडली. खाट, पत्र्याची पेटी, भरतीची पुस्तकं, खिळ्याला अडकवलेली धावायची चड्डी. सगळं जागच्या जागी होतं. खिडकी बंद आहे का पाहावं म्हणून तो चालत गेला. खोली दहा बाय दहाची. पण खिडकीपाशी पोचेपर्यंत त्याला बराच वेळ लागल्यासारखं वाटलं. चालता चालता मनात दुसरेतिसरे विचार येऊन गेले, लहानपणीचं काहीतरी आठवलं, ते विसरूनही झालं, आणि मग कुठे खिडकीची कडी हाताला लागली. वळून पाहिलं तर दार तिथेच होतं, चार पावलांवर.

४

"काऊन व पुष्पाबाई, एसी बसोला म्हनते!" शेजारची सिंधूताई झेंडूच्या फुलांचं टोपलं घेऊन आली आणि थेट जीवनच्या खोलीच्या बंद दारापाशी टेकून बसली. "आमच्या गल्लीत बातमी नाही, काही नाही. चोरून गार हवा खाऊन राह्यले दोघं!"

"कायचा एसी वो?"

"मंग हे काय दाराखालून येऊन राह्यलं? आमचे हे त पंख्याच्या बटनालेबी हात लावू देत नाही. म्हने बिल येते. मी म्हनलं, मंग फुंका मारा माह्या तोंडावर!"

पुष्पाबाई हसली. इंद्रभानने पडवीतून ते हसणं ऐकलं आणि त्याला नवल वाटलं. सहा वर्षांत तिला इतकं मोकळं हसताना त्याने ऐकलं नव्हतं.

सिंधूताई रोज येऊ लागली. घटाच्या माळा तिथेच बसून ओवायची. शनिवारी मात्र ती अर्धी माळ हातात तशीच धरून दुकानात आली.

"भाऊजी, त्या खोलीत कोन हाये?"

"कोनी नाही."

"कोनी कसं नाही? खोकलं ना कोनीतरी. आन कायतरी म्हनलं." तिने आवाज खाली आणला. "आपली बोली नोती ते. पन आवाज भल्ला थकेल होता, भाऊजी. लय दुरून चालत येऊन राह्यलेल्या मानसासारखा." मग ती नेहमीच्या सुरात म्हणाली, "माह्या बाप्पा, मी काही आता तिथं बसत नाही. फुकटचा एसी तुमचा तुमाले राहू द्या."

पुष्पाबाईला मात्र काही वाटत नव्हतं. दुपारी ती खांद्यावर शाल घेऊन खोलीत जायची, हातात चहाचा कप असायचा. परत यायची तेव्हा कप रिकामा असायचा आणि तिचे गाल थंडीतल्या पहाटेसारखे लाल झालेले असायचे. चहा कुणी प्यायला, हे इंद्रभानने विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, म्हणून.

५

मुलगी अनुपमा डोणगावला दिलेली होती. तिथल्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी एसटीने आली, पिशवी ठेवली आणि पडवीत उभी राहून दंड चोळू लागली.

"बाबा, जीवनच्या खोलीत काय ठुवलं तुमी?"

"काही नाही."

"खाली जुनी टाकी असन पान्याची. थंडी कुठून तरी येऊनच राह्यली ना?" तिने दार उघडलं, आत डोकावली आणि लगेच मिटलं. तिच्या पापण्यांवर बारीक पांढरं काहीतरी बसलं होतं. ते विरघळून गालावर ओघळलं, तेव्हा ती रडते आहे असं वाटलं.

बाबांकडून अमावास्येची हकीकत ऐकल्यावर संध्याकाळी तिने आईला समोर बसवलं. "माय, अमावास्येले तू वर गेली तवा काय पुटपुटली? काय मांगतलं?"

"मांगाचं काय त्यात? इतकंच म्हनलं, साहेब, तुमाले शोधाची सवय हाये. माह्या पोराले पाहून या. सापडला त घरी घेऊन या."

इंद्रभानच्या हातातला तांब्याच्या तारेचा गुंडा सुटला आणि फरशीवर उलगडत गेला.

पुस्तकातली ती दोन पानं चिकटलेली नव्हती. दुसऱ्या वेळी लादोगिन आठ शिकाऱ्यांच्या शोधात निघाला होता, आणि आठही जण त्याला सापडले. तिघं जिवंत, पाच मेलेले. खलाशी म्हणाले, मेलेल्यांना इथेच राहू द्या. शिधा संपत आलाय, ओझं ओढवत नाही. लादोगिनने पट्टा स्वतःच्या खांद्यावर घेतला. बर्फावर कुणालाही सोडायचं नाही, तो म्हणाला. सापडेल तो परत न्यायचा, जिवंत असो की मेलेला. बंदरात आठ घरची माणसं उभी होती. त्याने प्रत्येक आईला तिचा मुलगा दिला.

म्हणूनच इंद्रभानने ती पानं पुष्पाबाईला वाचून दाखवली नव्हती. आता तो तारेचा गुंडा गोळा करत बसला आणि त्याला स्वतःचंच आश्चर्य वाटत होतं. अमावास्येच्या दिवशी जीवनच्या नावाचा घास टाकायला तोच तयार होता. सहा वर्षं पुरे झाली, असं तोच म्हणाला होता. पण त्या घासाच्या वेळी मनाच्या तळाशी एक जागा उघडी होती. नाव घेतलं तरी पोरगं कुठेतरी असू शकत होतं, एखाद्या शहरात, एखाद्या हॉटेलात, आईबापावर रुसून. आता कुणीतरी त्याला खरंच शोधायला गेलं होतं. आणि तो माणूस रिकाम्या हातांनी परत येणारा नव्हता.

"त्याले माघारी धाडा," तो म्हणाला.

"कोनाले?" अनुपमाने विचारलं.

इंद्रभान तार गुंडाळत राहिला.

६

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा. आभाळ मोकळं, ऊन कडक. दुपारचं जेवण झालं, अनुपमा सिंधूताईकडे गेली आणि लाईट गेली.

आवाज या वेळी फार जवळून आला. ओढ, श्वास, ओढ. मधूनच लाकूड करकरल्यासारखं, दोर ताणल्यासारखं. इंद्रभान पडवीत आला. जीवनच्या खोलीची पडवीकडची लहान खिडकी जराशी उघडी होती. तिच्यातून निघणारी हवा त्याच्या अंगावर येत होती. त्या हवेला कसलाच वास नव्हता. घराला, मातीला, माणसांना असतो तसा कोणताही नाही.

त्याने फटीला डोळा लावला.

समोरची भिंत नव्हती. खाटही नव्हती. सगळीकडे एकसारखा, सावली नसलेला पांढरा उजेड होता, पहाटेच्या स्वप्नात असतो तसा, आणि तो किती लांबवर गेला आहे ते कळत नव्हतं. त्यात एक माणूस पाठमोरा होता. इंद्रभानकडे पाठ करून तो उलट्या पावलांनी, पूर्ण वाकून, दोर ओढत येत होता. छातीवरून आणि खांद्यावरून रुंद पट्टा गेला होता. कानटोपीच्या कडेला श्वास गोठून पांढरा झाला होता. दोर त्याच्या हातांतून सरळ त्या पांढऱ्यात गेला होता, ताणलेला, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला जड काहीतरी होतं. ते अजून दिसत नव्हतं. नुसतं सरकत होतं.

माणूस थांबला. दम घेतला. चेहरा न वळवता त्याने एक हात मागे केला आणि चाचपडत खिडकीच्या चौकटीला टेकला. हातमोज्याची दोन बोटं रिकामी होती, आत बोट नसल्यासारखी दुमडलेली. चौकटीचा आधार घेऊन त्याने पुढची ओढ घेतली.

इंद्रभान मागे सरला.

७

स्वयंपाकघरातून लोटा भरून आणायला त्याला वेळ लागला नाही. पाणी फिरवायचं राहिलं होतं, एवढंच तर होतं. उंबऱ्याशी पाणी फिरवायचं, जेवलात, आता जा म्हणायचं. मग खोलीत खाट असेल, पेटी असेल. थर्मामीटरवर तेहेतीस असेल.

दारापाशी पुष्पाबाई उभी होती. अंगावर शाल होती.

"सरक," तो म्हणाला.

"काऊन?"

"तुले माहीत नाही तो काय आनून राह्यला ते. तो जित्याले आनते तसंच मेलेल्यालेबी आनते. तशी रीतच हाये त्याची. ते पानं मी तुले वाचून दाखवले नाही."

"मी वाचले."

लोट्यातलं पाणी हिंदकळलं.

"तुमी दुकानात गेले तवा वाचले. बोट ठुवून ठुवून वाचले, एक दुपार गेली. चिकटेल पानं मले समजत नाही का?" तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ घातलं की नाही ते सांगावं तसा. "वाचले म्हनूनच मांगतलं त्याले."

"आन मेला असन त?"

"त मेला असन."

"असं कसं बोलते व तू? तूच त हात धरला माहा. जित्या पोराले घास टाकता म्हने!"

"तुमी न पाहता टाकून राह्यले होते, म्हनून धरला." "सहा वर्सं मी दोन पोरं सांभाळून राह्यली, जीवनचे बाबा. एक जितं आन एक मेलेलं. सकाळी एकाच्या वाट्याची भाकर करते, राती दुसऱ्यासाठी रडते. मले एक पाह्यजे. कोनतंबी. पन एक."

दाराच्या पलीकडे ओढ आली, इतकी जवळ की दाराची कडी हलली.

"येऊ द्या त्याले," ती म्हणाली. "जसा असन तसा."

इंद्रभान लोटा धरून उभा राहिला. उन्हात रस्त्यावरून पोरं आपट्याची पानं घेऊन ओरडत चालली होती. ते ओरडणं फार दुरून, पाण्याखालून यावं तसं ऐकू येत होतं. जीवन तसाच ओरडत जायचा की नाही, हे आठवायचा त्याने प्रयत्न केला. आठवलं नाही. चेहरासुद्धा आला तो भिंतीवर चिकटवलेल्या फोटोतला.

त्याने लोटा खाली ठेवला आणि बायकोच्या शेजारी उभा राहिला. तिने शालीचं एक टोक त्याच्या खांद्यावर टाकलं. दोघं दाराकडे तोंड करून थांबले. आत शेवटचं काहीतरी जड जमिनीवर टेकलं. मग पट्टा सोडल्याचा आवाज झाला, आणि बुटांची पावलं. सावकाश, एकट्या माणसाची, दूर जाणारी. दहा बाय दहाच्या खोलीत ती बराच वेळ ऐकू येत राहिली.

लाईट आली. पंखे फिरू लागले. पुष्पाबाईने कडी काढली.

८

खोलीत दोन माणसं होती. दोघंही फरशीवर, शेजारी शेजारी, जाड ओल्या कापडात गुंडाळलेली.

डावीकडचा जीवन होता. घरातून निघताना घातलेला निळ्या चौकटीचा शर्ट अंगात होता आणि वय निघाला तेव्हाचंच दिसत होतं. तो मेलेला होता. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी देह पूर्ण गोठलेला असल्याने मृत्यू कधी झाला ते सांगता येत नाही, असं लिहून दिलं.

उजवीकडचा मुलगा जिवंत होता. त्याला इंद्रभान, पुष्पाबाई, अनुपमा यांच्यापैकी कुणीही ओळखत नव्हतं. शुद्धीवर आल्यावर त्याने नाव कुलदीप सांगितलं, गाव वडनेर भोलजी. तो गेल्या वर्षीच्या पोळ्याला घरातून निघून गेला होता. मधल्या दिवसांविषयी पोलिसांना त्याने काहीही सांगितलं नाही.

जीवनला शनिवारी, ४ ऑक्टोबरला सकाळी, मोताळ्याच्या स्मशानात इंद्रभानने अग्नी दिला. कुलदीपच्या डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. १६ ऑक्टोबरला त्याची आई आली आणि त्याला घेऊन वडनेरला गेली.